गेकोची अंडी घरी उबवताना तापमान स्थिर कसं ठेवायचं: बेळगाव, खानापूर, निपाणी भागासाठी

एप्रिलमध्ये बेळगावात दुपारी पारा ३५-३६ अंशांपर्यंत चढतो आणि पहाटे २०-२१ पर्यंत उतरतो. एका दिवसात पंधरा अंशांचा हा झोका. त्यात मध्येच वळीव कोसळला तर अर्ध्या तासात हवा आठ-दहा अंशांनी गार होते. गेको म्हणजे पालीच्या कुळातला प्राणी; त्याचं अंडं या हवेत दीड ते तीन महिने राहणार असतं. माणूस पांघरूण ओढून घेतो किंवा पंखा लावतो, अंड्याला तसं काही करता येत नाही. त्यामुळे अंडी उबवण्याचं निम्मं काम हा झोका अंड्यापर्यंत पोचू न देण्याचं आहे.

बाजारात मिळणारं तयार इन्क्युबेटर बहुतेक वेळा कोंबडीच्या अंड्यांसाठी बनवलेलं असतं. ते ३७.५ अंशांच्या आसपास चालतं आणि अंडी फिरवत राहतं. गेकोसाठी या दोन्ही गोष्टी घातक आहेत. घरी पेटी बनवणं स्वस्त पडतं, आणि नीट बनवली तर ती तयार यंत्रापेक्षा जास्त स्थिर राहते, कारण तिच्यात पाणी भरपूर असतं. स्थिरता कशामुळे येते असं एका शब्दात विचारलं तर उत्तर पाणी हेच आहे. हीटर आणि तापमान बघून त्याला चालू-बंद करणारा कंट्रोलर नंतर येतात.

आधी कायद्याचं

कोणत्या गेकोची अंडी उबवायची हे पहिल्यांदा स्पष्ट करायला हवं. घराच्या भिंतीवरच्या किंवा जांबोटी-कणकुंबीच्या रानातल्या पालीची अंडी आणून उबवू नका. ती जिथे सापडली तिथेच राहू द्यावीत. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे आणि त्यात २०२२ मध्ये झालेली दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. या दुरुस्तीने वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या ‘साइटीस’ करारातल्या परदेशी प्राण्यांची नोंदणी सक्तीची केली. अशा प्राण्याला पिल्लं झाली तर तीही कळवावी लागतात. त्यासाठीचे नियम २०२४ मध्ये आले आणि नोंदणी केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर होते. टोके गेको या करारात आहे. लेपर्ड गेकोचे भाऊबंद आपल्या देशाच्या रानात राहतात, म्हणून त्याच्या बाबतीत वनखात्याच्या कार्यालयात लेखी विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये. कोणतीही परदेशी पाल असो, खरेदीची पावती जपून ठेवा आणि तिचं नाव यादीत आहे का ते जोडी लावण्याआधी तपासा.

पुढची माहिती दोन परदेशी प्रजाती धरून दिली आहे. न्यू कॅलेडोनिया बेटांवरच्या क्रेस्टेड गेकोच्या अंड्यांना गारवा लागतो. पश्चिम आफ्रिकेतल्या फॅट-टेल गेकोच्या अंड्यांना ऊब लागते. या दोघांची पद्धत समजली की इतर गेकोंसाठी फक्त आकडे बदलावे लागतात.

किती अंश, किती दिवस

क्रेस्टेडची अंडी २२ ते २५ अंशांत ठेवा. या तापमानात पिल्लं साधारण ६५ ते ९० दिवसांत बाहेर येतात. २०-२१ वर ठेवली तर शंभर दिवसांच्या पुढे जातात, पण पिल्लू अंगाने चांगलं भरतं. २७-२८ वर लवकर फुटतात आणि पिल्लं बारीक, अशक्त निघतात. २८ ही लक्ष्मणरेषा समजा. तिच्यापुढे दोन-चार दुपारी गेल्या तरी पूर्ण वाढलेलं पिल्लू अंड्यातच मरू शकतं.

फॅट-टेलची अंडी २८ ते ३१.५ अंशांत ठेवायची. ३१ च्या आसपास दीड-पावणेदोन महिने लागतात, २८-२९ वर दोन महिने किंवा थोडे जास्त. या जातीत तापमानावर पिल्लाचं लिंग ठरतं. २८-२९ ला माद्या जास्त निघतात, ३१ च्या पुढे नर जास्त. हे ठरण्याचा काळ उबवणीच्या पहिल्या अर्ध्यात येतो. म्हणून ‘माद्या हव्यात’ असं ठरवून २९ वर पेटी लावली आणि ती रोज दुपारी ३१ वर जात राहिली, तर हिशेब फसतो. फॅट-टेलसाठी रोजचा चढ-उतार अर्ध्या अंशाच्या आत असावा. क्रेस्टेडला दोन अंशांचा हळू चढ-उतार चालतो. निसर्गात त्याला तसाच मिळतो.

एका पेटीत एकच तापमान राहतं. दोन्ही जातींची अंडी एका पेटीत वर-खाली ठेवून भागवायचा प्रयत्न करू नका.

पेटी

मासळी बाजारात गोवा-कारवारहून बर्फातले मासे थर्मोकोलच्या पेट्यांतून येतात. तीच पेटी घ्या. भिंत निदान ३ सेंटीमीटर जाड असावी आणि आतून माप साधारण ४० × ३० × ३० सेंटीमीटर असावं. झाकण घट्ट बसणारं हवं. मासळीचा वास काढण्यासाठी पातळ ब्लीचच्या पाण्याने धुवा, भरपूर साध्या पाण्याने खळबळवा आणि दोन दिवस उन्हात ठेवा. वास राहिला तर मुंग्या येतील.

या पेटीच्या तळाशी बसेल असा प्लास्टिकचा टब घ्या. ३६ × २७ सेंटीमीटरच्या आसपासचा टब असेल तर ८ लिटर पाणी सव्वाआठ सेंटीमीटर उंचीपर्यंत येतं. पाणी थेट थर्मोकोलमध्ये ओतू नका, ते झिरपतं. टबावर स्टीलची किंवा कडक प्लास्टिकची जाळी आडवी टाका. अंड्यांचे डबे जाळीवर राहतील.

आठ लिटरच का, त्याचा हिशेब असा. अशा पेटीतून आत-बाहेरच्या फरकाच्या दर अंशामागे साधारण ०.७ वॉट उष्णता निसटते. आठ लिटर पाण्याचं तापमान एक अंशाने उतरायला ३३-३४ किलोज्यूल जावे लागतात. समजा आत २९ आहे, बाहेर २१ आहे आणि वीज गेली. चार तासांनी पेटी सुमारे २ अंशांनी उतरलेली असेल. नुसत्या हवेच्या रिकाम्या पेटीत तेवढे दोन अंश उतरायला काही मिनिटंच लागतात. पावसाळ्यात खानापूरच्या पश्चिमेला झाड तारेवर पडलं की चार तास ही काही मोठी गोष्ट नाही. तिथे टब मोठा घ्या, किंवा मोकळ्या कोपऱ्यांत पाण्याच्या बाटल्या उभ्या करा.

झाकणाच्या आतल्या बाजूला पाण्याचे थेंब जमतात आणि डब्यांवर पडतात. पेटीखाली एका बाजूला एक सेंटीमीटर जाडीची पट्टी सरकवली तर थेंब उताराने एका कडेला जातात. पण टबातलं पाणी तेवढंच एका बाजूला सरकतं, म्हणून हीटर खोल बाजूला राहील असं बघा.

हीटर

फॅट-टेलसाठी, किंवा क्रेस्टेडसाठी डिसेंबर-जानेवारीत, हीटर लागेल. सर्वांत सोयीचा म्हणजे माशांच्या टाकीतला २५ वॉटचा, पूर्ण बुडणारा, स्वतःचा थर्मोस्टॅट (ठरलेल्या तापमानाला आपोआप बंद करणारी कळ) असलेला हीटर. तो टबात आडवा ठेवा आणि पाण्याखाली पूर्ण बुडालेला राहील याची खात्री करा. पाणी आटून काच उघडी पडली की हीटर तडकतो. पाण्याच्या उंचीची खूण टबावर मार्करने करा आणि रविवारी खूण बघूनच पाणी घाला. घालायचं पाणी टबातल्या तापमानाइतकं कोमट असू द्या.

जानेवारीच्या रात्री खोलीत १७ अंश असतील आणि आत २९ हवे असतील तर पेटीला साडेआठ वॉट पुरतात. म्हणून ५० किंवा १०० वॉटचा हीटर घेण्यात अर्थ नाही. मोठा हीटर अडकला तर पेटी वेगाने तापते आणि तुम्हाला सावरायला वेळ मिळत नाही. २५ वॉटचा अडकला तर पाणी तासाला दोन-अडीच अंशांनी चढतं. हेही कमी नाही, म्हणून दुहेरी सुरक्षा पुढे सांगितली आहे.

बल्ब टाळा. पूर्वी झिरो बल्ब वापरायचे, कारण नावाला झिरो असला तरी तो बारा-पंधरा वॉट उष्णता द्यायचा. हल्ली दुकानात झिरो बल्ब मागितला तर एलईडी मिळतो आणि त्याने पेटी गरम होत नाही. जुन्या बल्बची तार रात्रीत उडाली तर सकाळपर्यंत कळत नाही. थर्मोकोल तर गरम काचेला लागलं की मऊ पडतं आणि जळतं.

पाणी आणि २३० व्होल्ट एकत्र आहेत हे विसरू नका. टबात हात घालण्याआधी प्लग काढा. वायर सॉकेटपेक्षा खाली झोळ देऊन मग वर न्या, म्हणजे वायरवरून ओघळलेलं पाणी सॉकेटमध्ये जाणार नाही. घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळू लागली की प्रवाह तोडणारा स्विच) नसेल तर हे काम करण्याआधी बसवून घ्या.

कंट्रोलर आणि त्याचा सेन्सर

एसटीसी-१००० हा थेट घरच्या विजेवर चालणारा कंट्रोलर या कामाला पुरेसा आहे. त्यात गरम आणि गार अशा दोन स्वतंत्र बाजू असतात. डब्ल्यू१२०९ हा छोटा १२ व्होल्टचा बोर्डही चालतो. पण त्याला वेगळा अॅडाप्टर लागतो आणि त्याच्या रिलेवरून, म्हणजे हीटर चालू-बंद करणाऱ्या स्विचवरून, घरची वीज उघड्यावर जाते, म्हणून तो डब्यात बंद केल्याशिवाय वापरू नये. डब्ल्यू१२०९ घेतलात तर दोन सेटिंग लगेच तपासा. पी० बहुधा सी म्हणजे थंड करण्यावर असतं, ते एच म्हणजे गरम करण्यावर न्या. नाहीतर पेटी गरम झाल्यावर हीटर चालू होतो आणि गार असताना बंद राहतो. पी१ म्हणजे चालू-बंद यांमधला फरक. तो कारखान्यातून २ अंशांवर येतो, तो ०.३ करा. एसटीसी-१००० मध्ये हाच फरक एफ२ मध्ये असतो. तिथेही ०.३ ठेवा.

बहुतेकांची चूक सेन्सरच्या जागेत होते. सेन्सर हवेत टांगला की असं घडतं: हवा २९ च्या खाली जाते, हीटर चालू होतो, आठ लिटर पाणी हळूहळू तापतं. हवेला ते कळेपर्यंत पाणी ३२ वर गेलेलं असतं. हीटर बंद होतो, पण ते गरम पाणी पुढचा तासभर पेटीला वर ढकलत राहतं. मग उलटा प्रवास. पेटी दिवसभर झोके घेते आणि माणूस कंट्रोलरला दोष देतो. सेन्सर पाण्यात ठेवा, हीटरपासून शक्य तितका लांब आणि तळाला न टेकवता. पाणी स्थिर राहिलं की वरची हवा आपोआप स्थिर राहते.

पाण्यापेक्षा जाळीवरच्या डब्यातलं तापमान साधारण अर्धा ते दीड अंश कमी असतं. किती, ते तुमच्या पेटीवर आणि खोलीवर अवलंबून आहे. म्हणून दुसरा, फक्त मोजणारा थर्मामीटर अंड्यांच्या डब्यात, अंड्याच्या शेजारी अर्धा रोवलेला असावा. डब्यात २९ हवे असतील आणि पाणी २९ असताना डबा २८ दाखवत असेल, तर कंट्रोलर ३० वर लावा. कंट्रोलरवरचा आकडा फक्त कंट्रोलरसाठी. तुम्ही डब्यातला आकडा बघायचा.

आता दुहेरी सुरक्षा. रिलेचे संपर्क चिकटून हीटर कायमचा चालू राहणं हा या पेटीचा सर्वांत वाईट बिघाड आहे. माशांच्या हीटरवर स्वतःचा थर्मोस्टॅट असतो. तो पाण्याच्या ठरवलेल्या तापमानापेक्षा दीड अंश वर लावा. कंट्रोलर नीट चालत असताना तो कधी मध्ये पडणार नाही. कंट्रोलर अडकला तर तोच थांबवेल. त्या हीटरवरचे आकडे दोन-दोन अंशांनी चुकलेले असतात, त्यामुळे कंट्रोलर बाजूला काढून एक दिवस फक्त हीटरच्या थर्मोस्टॅटवर पाणी किती वर थांबतं ते मोजा आणि मगच ती खूण विश्वासाने धरा.

थर्मामीटर खरा बोलतो का

दुकानातल्या दोन डिजिटल थर्मामीटरमध्ये एक अंशाचा फरक सहज असतो. क्रेस्टेडसाठी २५ आणि २६ मध्ये जीव जात नाही, पण फॅट-टेलसाठी ३१ आणि ३२ मध्ये फरक पडतो. दोन सोप्या चाचण्या घरी होतात.

स्टीलच्या पेल्यात बारीक फोडलेला बर्फ गच्च भरा, वरून थोडंसं थंड पाणी घाला. बर्फ तरंगत नसून पेल्यात रुतलेला असायला हवा. सेन्सर मध्ये खोचून दहा मिनिटं थांबा. शून्य दिसायला हवं. ०.८ दिसलं तर हा थर्मामीटर शून्याजवळ ०.८ जास्त सांगतो.

दुसरी चाचणी आपल्या गरजेच्या जवळची आहे. तापाचा डिजिटल थर्मामीटर ३५ ते ४० अंशांमध्ये बराच अचूक असतो. वाटीभर पाणी ३७ च्या आसपास गरम करा, दोन्ही एकत्र बुडवून ढवळत राहा आणि एकाच वेळी वाचा. तापाचा थर्मामीटर फॅरेनहाइट दाखवत असेल तर ९८.६ म्हणजे ३७. दोन्ही चाचण्यांतला फरक सारखाच निघाला तर तोच फरक सगळीकडे धरा. कागदाच्या चिकटपट्टीवर ‘०.८ वजा करा’ असं लिहून थर्मामीटरलाच चिकटवा. वहीत लिहिलेला फरक गडबडीत कुणी उघडून बघत नाही.

अंड्यांचा डबा

७५० मिलीचा, झाकणाचा, पारदर्शक खाऊचा डबा घ्या. झाकणाला सुईने दोन भोकं पुरेत. रोपवाटिकेत मिळणारं जाड परलाइट (कुंडीच्या मातीत मिसळतात ते हलके पांढरे दाणे) वापरा. डब्यात निम्म्यापर्यंत म्हणजे सुमारे ४०० मिली परलाइट भरलं की त्याचं वजन ४० ग्रॅमच्या आसपास येतं. त्यात ३५ ते ४० ग्रॅम पाणी घाला, उकळून गार केलेलं.

प्रमाण वजनाचं आहे. परलाइट फार हलकं असल्यामुळे ‘एक वाटी परलाइट, एक वाटी पाणी’ असं केलं तर पाणी दसपट होतं आणि अंडी चिखलात बसतात. सोनाराकडचा काटा नको, स्वयंपाकघरातला एक ग्रॅमचा काटा चालतो. व्हर्मिक्युलाइट (तसंच पाणी धरून ठेवणारं अभ्रकासारखं खनिज) वापरलं तर वजनाने एकास एक. परलाइटची धूळ छातीत जाऊ नये म्हणून ते ओतण्याआधी पिशवीतच थोडं पाणी शिंपडा.

गेको बहुधा एका वेळी दोन अंडी घालतात. मादीने अंडी पुरली की ती शक्य तितक्या लवकर, पहिल्या दिवसातच काढा. जशी पडली आहेत तशीच उचला आणि वरच्या बाजूला मऊ पेन्सिलने खूण करा. एका दिवसानंतर गर्भ कवचाच्या आतल्या बाजूला चिकटू लागतो. मग अंडं उलटं झालं तर गर्भ सुटतो किंवा बुडतो. खूण वरच राहील असं परलाइटमध्ये निम्मं रोवा. दोन अंडी एकमेकांना चिकटलेली असतील तर तशीच ठेवा.

डबा बंद करून त्याचं एकूण वजन झाकणावर लिहा, समजा १४६ ग्रॅम. दर पंधरवड्याला वजन करा. १४१ भरलं तर ५ ग्रॅम पाणी डब्याच्या कडेने, अंड्यांवर न पडता घाला. शेवटच्या आठवड्यांत अंडी स्वतः पाणी ओढून फुगतात. डबा तेवढाच जड राहिला तरी परलाइट कोरडं झालेलं असू शकतं, तेव्हा बोटानेही चाचपून बघा. आठवड्यातून एकदा झाकण अर्धा मिनिट उघडलं की हवा बदलते.

जागा

पेटी जमिनीवर किंवा बुटक्या स्टुलावर, घराच्या सर्वांत आतल्या खोलीत ठेवा. जुन्या दगडी किंवा मातीच्या भिंतींच्या घरात माजघर ही अतिशय चांगली जागा आहे. बाहेर ३५ असताना तिथे २८ पेक्षा जास्त क्वचितच होतं. स्लॅबच्या घरात वरच्या मजल्यावर ठेवू नका. दिवसभर तापलेला स्लॅब मध्यरात्रीपर्यंत उष्णता खाली सोडत राहतो. पश्चिमेची भिंत, फ्रिजचा माथा, गॅसच्या ओट्याखालची जागा आणि इन्व्हर्टरच्या बॅटरीशेजारचा कोपरा टाळा.

डांबराच्या गोळ्या, डासांची कॉइल, मुंग्यांचा खडू हे काहीच त्या खोलीत नको. त्यांची वाफ बंद पेटीत साचते. मुंग्या मात्र हमखास येतात आणि अंड्याला चीर पडली की ती पोखरतात. स्टुलाचे चारही पाय पाणी भरलेल्या वाट्यांत ठेवा आणि पाण्यावर गोडेतेलाचे दोन थेंब सोडा. वायरवरून येणाऱ्या मुंग्यांसाठी वायरला वीतभर व्हॅसलीन लावा.

उन्हाळा: गारवा कसा राखायचा

क्रेस्टेड ठेवणाऱ्यांचा खरा कस मार्चच्या अखेरीपासून मृगापर्यंत लागतो. बेळगाव शहर आणि खानापूर उंचावर आहेत, म्हणून उन्हाळ्यातही रात्री गार असतात. ही रात्रच आपला फ्रिज. रात्री नऊला पेटीचं झाकण काढून वर जाळीचं कापड बांधा, खिडकी उघडा. आठ लिटर पाणी रात्रभर हळूहळू उतरत जातं. पहाटे सहाला, सूर्य वर येण्याआधी, झाकण घट्ट लावा आणि खिडकी बंद करा. पाणी २३ वर असताना पेटी बंद झाली तर दुपारभर ती २५ च्या आसपास राहू शकते. सहाऐवजी आठला उठून झाकण लावलं तर रात्रीची निम्मी कमाई गेलेली असते.

चिकोडी, रायबाग, अथणी, म्हणजे कृष्णेच्या बाजूला दुपार जास्त तापते आणि रात्रही तेवढी उतरत नाही. तिथे बर्फ लागेल. २०० मिलीच्या बाटल्या, मान मोकळी सोडून भरलेल्या, फ्रीझरमध्ये चार-पाच ठेवा. बाहेरच्यापेक्षा पेटी सहा अंश गार ठेवायची असेल तर अशी एक बाटली सुमारे सहा तास पुरते. दुपारी एकला एक आणि संध्याकाळी सातला दुसरी. ती जाड टॉवेलात गुंडाळून जाळीच्या एका टोकाला, अंड्यांच्या डब्यांपासून लांब ठेवा. उघडी बाटली टबात टाकली तर पाणी थोड्याच वेळात अडीच अंशांनी खाली येतं. आपण टाळायला निघालो तोच झोका मग बर्फ आणतो. एक लिटरची बाटली तर या पेटीसाठी फारच मोठी.

कोरड्या उन्हाळ्यात अथणीकडे अजून एक उपाय लागू पडतो. खानापूरची मडकी प्रसिद्ध आहेत. तिथला मोठा रांजण आणि त्यात बसणारं लहान मडकं घ्या, मधल्या फटीत वाळू भरून ती दिवसातून दोनदा भिजवा, आतल्या मडक्यात अंड्यांचा डबा ठेवा आणि वर ओलं फडकं टाका. हवा कोरडी असेल तर ३५-३६ च्या दुपारी आत २५-२६ मिळतात. वळीव सुरू झाले की हवेत दमटपणा येतो आणि हा उपाय सपाट पडतो. तेव्हा परत पेटीकडे या.

फॅट-टेलसाठी उन्हाळा सोपा वाटतो, पण खोली ३२ वर गेली तर हीटर बंद असूनही पेटी हळूहळू ३२ कडे सरकते. कंट्रोलरला आपण फक्त हीटर जोडला आहे, त्यामुळे तो गरम करू शकतो, गार करू शकत नाही. या दिवसांत २९ चा हट्ट असेल तर तीच रात्रीची युक्ती वापरा.

पावसाळा आणि थंडी

जुलै-ऑगस्टमध्ये बेळगाव-खानापूरची हवा दिवसरात्र २० ते २५ च्या आत असते. क्रेस्टेडची अंडी तेव्हा हीटरशिवाय, बर्फाशिवाय, नुसत्या पाण्याच्या पेटीत छान उबतात. मादीची जोडी लावताना हा हिशेब ठेवला तर वर्षातले सर्वांत सोपे दोन महिने हाती लागतात. मात्र दमटपणामुळे डब्यातलं पाणी जवळजवळ उडतच नाही, तेव्हा सवयीने पाणी घालत बसू नका. बुरशी याच महिन्यांत येते.

वीज गेली तर पहिले तीन-चार तास काहीही करू नका. पेटी उघडू नका, बघायलाही नाही. त्यानंतर फॅट-टेलच्या पेटीत अर्धा लिटर पाणी ६० अंशांपर्यंत तापवून बाटलीत भरा, टॉवेलात गुंडाळा आणि कडेला ठेवा. तेवढ्याने पेटी दोनेक अंश सावरते. घरी इन्व्हर्टर असेल तर हीटर त्याच्या ओळीवर घ्या, सरासरी आठ-नऊ वॉटचा भार त्याला जाणवतही नाही. हेस्कॉमच्या (इथल्या वीज कंपनीच्या) विजेचा दाब रात्री-अपरात्री वर-खाली होतो. त्याने साध्या हीटरला फारसं काही होत नाही, पण कंट्रोलर कधीकधी सुरुवातीच्या सेटिंगवर जातो. वीज परत आली की सेटिंग एकदा वाचा.

चाचणी आणि नोंद

अंडी येण्याआधी एक आठवडा पेटी पूर्ण तयारीनिशी, ओल्या परलाइटच्या डब्यांसह, रिकामी चालवा. कमाल-किमान लक्षात ठेवणारा थर्मामीटर डब्यात ठेवून पहाटे सहा, दुपारी तीन आणि रात्री दहाला वहीत लिहा: डबा, पाणी, खोली. खोली दहा अंशांनी हलली असताना डबा एक अंशाच्या आत (फॅट-टेलसाठी अर्ध्या अंशाच्या आत) हलला तर पेटी तयार आहे. दोन-तीन अंश हलत असेल तर झाकणाची फट, पाण्याचं प्रमाण आणि सेन्सरची जागा, या क्रमाने तपासा. अंडी आत गेल्यावर मात्र छेडछाड नको. रोज अर्धा अंश वर, अर्धा अंश खाली करत राहणारा माणूस हा स्वतःच एक झोका आहे.

काय बिघडतं आणि का

आठवड्या-दहा दिवसांनी अंधारात, मोबाइलच्या टॉर्चसमोर, डबा न हलवता अंडं बघा. गुलाबी छटा आणि बारीक लाल रेघा दिसल्या तर गर्भ आहे. पिवळं, पाणचट दिसलं आणि हळूहळू बसत गेलं तर फळलेलं नाही. पण शंका असेल तोवर फेकू नका. चांगल्या अंड्यावर आलेली थोडी बुरशी कोरड्या कापसाने टिपून घेता येते.

सुरुवातीच्या आठवड्यांत अंड्याला खळगा पडला तर ओल कमी आहे. कडेने पाच ग्रॅम पाणी घाला, दोन-तीन दिवसांत फुगतं. शेवटच्या काही दिवसांत खळगा पडणं किंवा कवचावर थेंब येणं ही फुटण्याची तयारी असते, तेव्हा पाणी घालू नका. अंडं ताणल्यासारखं फुगून फुटलं तर ओल जास्त होती. पूर्ण वाढलेलं पिल्लू आत मेलेलं निघालं तर वहीतली शेवटच्या तीन आठवड्यांची कमाल तापमानं बघा. बहुतेक वेळा उत्तर तिथेच असतं. तिथे सगळं सरळ असेल तर मादीच्या कॅल्शियमकडे लक्ष द्या. शेपटी वाकडी, पिल्लू लहान आणि वेळेआधी आलेलं, ही जास्त उष्णतेची खूण.

दोन अंड्यांपैकी एक फुटल्यावर दुसऱ्याला दोन-तीन दिवस लागू शकतात. चीर पडलेलं अंडं बोटांनी सोलू नका. आतल्या पिवळ्या बलकाचा शेवटचा भाग पिल्लू याच वेळात पोटात ओढून घेत असतं. पिल्लू पूर्ण बाहेर आलं की त्याला ओल्या टिश्यूच्या वेगळ्या डब्यात, दोन्ही जातींसाठी २४ ते २६ अंशांत, एक-दोन दिवस शांत ठेवा. पहिली कात टाकेपर्यंत ते खात नाही. दुसरं अंडं फुटेपर्यंत पेटी तशीच चालू ठेवा. त्यानंतर टब रिकामा करून धुवा, परलाइट टाकून द्या, आणि पुढच्या जोडअंड्यांसाठी थर्मामीटरची बर्फाची चाचणी पुन्हा घ्या.